नाव सांगण्याचे धैर्य : वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि त्यांचे सोबती

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका म्हटली, म्हणजे पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोठून आली, कोणत्या वर्षी कोण धर्मगुरू होते, ह्यांची जंत्री तीत असावयाचीच. आणि ते काम ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर अधिक जाणत्या हातांनी केलेले आहे. आम्ही प्रस्तुत लेखात वाचकांचे लक्ष दुसऱ्याच एका इतिहासाकडे वेधू इच्छितो. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत ज्या बालकांची नावे लिहिलेली आहेत, त्यांपैकी कित्येकांची नावे गावच्या शाळेच्या पटावर निराळी आहेत, हे आपण सारे जाणतो. घरी जो पौलस, तोच शाळेत प्रल्हाद. देव्हाऱ्याच्या जागी पवित्र मारियेची तसबीर आहे, पण दाखल्यावरील धर्माचा रकाना दुसरेच काही सांगतो. ह्या गोष्टीविषयी धर्मगुरू विचारीत नाहीत आणि आईबापही सांगत नाहीत. पन्नास वर्षांच्या आनंदसोहळ्यात हा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु महोत्सव हा जर खरोखर आपलाच असेल, तर आपल्या भयालाही त्यात जागा मिळाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. भय वाटणे हे पाप नव्हे. गेथशेमानीच्या बागेत स्वतः प्रभू येशू व्याकूळ झाले, त्यांना घाम फुटला, आणि समोरचा प्याला टळावा अशी त्यांनी पित्याला विनंती केली; हे शुभवर्तमानकारांनी लपविलेले नाही. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यातील शेकोटीजवळ पेत्र बसला होता. तो ओळखला गेला तो त्याच्या बोलण्यावरून. गालीलची बोली त्याच्या जिभेवर होती, जशी आपल्या मराठवाड्याच्या माणसाची पुण्याच्या बाजारात तोंड उघडताच ओळख पटते तशीच. एका दासीने नुसते विचारले आणि पेत्राने आपल्या गुरूचे नाव नाकारले. सभेच्या पहिल्या प्रमुखाचा हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत नोंदविलेला आहे, ह्यात ख्रिस्तसभेचा मोठाच प्रामाणिकपणा दिसून येतो.

आता ज्यांच्याविषयी मुख्यतः सांगावयाचे, त्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्याकडे वळू. ते आपल्याच महाराष्ट्र भूमीचे पुत्र होत, आणि भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून सर्व ख्रिस्तसभा त्यांना ओळखते. तथापि बालाघाटाच्या ह्या डोंगराळ मुलखात त्यांचे नाव जितके परिचित असावे तितके नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

गुजरातच्या बहादूरशाह सुलतानाने १५३४ साली वसई व आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेईपर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल राहिला. ह्या वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो ह्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज शिपाई व माता ह्याच देशची, असे परंपरा सांगते. येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ त्यांचे शिक्षण झाले, आणि पंधरा-सोळा वर्षांचे वय असता ते त्या धर्मगुरूंबरोबर समुद्रमार्गे जपानला गेले. तेथे त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जपानी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, पुढे तीच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

त्यांची मनीषा येशूसंघात प्रवेश मिळावा अशी होती. ती पूर्ण झाली नाही. आठ वर्षांच्या सेवेनंतर दार उघडत नाही असे पाहून त्यांनी तो मार्ग सोडला व व्यापार धरला. व्यापारात त्यांना यशही आले. पूर्वेकडील बंदरांतून त्यांची ये-जा सुरू झाली, आणि त्यातूनच ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी पोहोचले. तेथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंशी त्यांचा परिचय झाला. चांगला चाललेला व्यापार सोडून त्यांनी संत फ्रान्सिसचा झगा अंगावर घेतला. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांना मिळाली नव्हती. ते अखेरपर्यंत साधे धर्मबंधूच राहिले. संतमालिकेत नाव असलेल्या ह्या पुरुषाला एकदा नकार मिळालेला होता, ही गोष्ट आमच्या मते त्यांच्या चरित्रातील गौण गोष्ट नव्हे. सेमिनरीच्या दारातून परत आलेले, किंवा ज्यांना कोणत्याही समितीवर कधी घेतले गेले नाही असे कितीतरी सज्जन आपल्यामध्ये आहेत. त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना वकील म्हणून जपानला पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्यासमवेत गेले. त्या काळी जपानची सारी सत्ता तोयोतोमी हिदेयोशी ह्या प्रतापी पुरुषाच्या हाती होती. एका सामान्य घरात जन्मून केवळ पराक्रमाच्या जोरावर तो सर्वांचा धनी झाला होता. त्याची मर्जी व त्याचा कोप दोन्ही अनावर होते. अशा सत्ताधीशासमोर उभे राहून परक्या वकिलाचे म्हणणे त्याला त्याच्याच भाषेत ऐकविणे, हे काम वसईच्या ह्या धर्मबंधूकडे आले. दुभाष्याचे काम वरकरणी हलके दिसते, पण कठोर शब्द ज्याच्या मुखातून बाहेर पडतो, त्याच्यावरच प्रथम डोळे वटारले जातात.

हिदेयोशीने त्यांना मियाको, म्हणजे सांप्रतचे क्योतो, येथे राहण्याची परवानगी दिली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि महारोग्यांकरिता रुग्णालय उघडले. येथे एक वाद सांगितला पाहिजे. हिदेयोशीने १५८७ सालीच मिशनरींनी देश सोडून जावे असा हुकूम काढलेला होता, परंतु त्याची अंमलबजावणी ढिली होती. येशूसंघाचे धर्मगुरू, डोळ्यांवर न येता, गुपचूपपणे आपले काम चालवीत होते. फ्रान्सिस्कन मात्र आपला झगा घालून उघडपणे वावरत, उघडपणे उपासना करीत. कोणाचे योग्य? येशूसंघीयांना वाटे की, ह्या उघडपणामुळे हजारो श्रद्धावंतांवर संकट ओढवेल. फ्रान्सिस्कनांना वाटे की, दिवा मापाखाली झाकून ठेवता येत नाही. आम्हा धर्मगुरूंमध्ये हा वाद आजही संपलेला नाही, आणि तो संपावा असेही आम्हांस वाटत नाही. पुढे क्रुसावर मात्र दोन्ही पक्षांची माणसे शेजारी शेजारी टांगली गेली.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे एक स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोस जात असता वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरील मौल्यवान माल अधिकाऱ्यांनी जप्त केला. त्यावरून तंटा झाला असता जहाजाच्या सुकाणूधराने दर्पोक्ती केली की, आमचा राजा आधी मिशनरी पाठवितो व मागाहून सैन्य. असे तेव्हापासून सांगण्यात येते. ते त्याचे शब्द असोत वा नसोत, हिदेयोशीच्या मनात तोच संशय शिरला. ख्रिस्ती धर्म हा परक्या निशाणाचा सोबती आहे, हा आक्षेप काही आजचा नव्हे! निशाणाच्या सावलीत धर्म वाढविणाऱ्यांनी त्या आक्षेपाला निमित्त दिले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याची किंमत कोणाला मोजावी लागली ते पाहावे. ती त्या सुकाणूधराला मोजावी लागली नाही.

डिसेंबर महिन्यात क्योतो व ओसाका येथील घरांभोवती पहारे बसले आणि कैद करावयाच्या माणसांची यादी तयार झाली. ह्या यादीसंबंधी एक घटना परंपरेने सांगितली जाते. शिपाई यादीतील नावे पुकारीत होते. मथियास नावाच्या आचाऱ्याचे नाव आले, पण तो सामान आणावयास बाहेर गेला होता. शिपाई पुन्हा पुन्हा ‘मथियास कोठे आहे’ म्हणून विचारू लागले. शेजारी राहणारा एक मनुष्य पुढे आला. त्याने सांगितले की, तुम्ही शोधता तो मी नव्हे, पण माझेही नाव मथियास आहे व मीही ख्रिस्ती आहे. शिपायांना संख्या पुरी करावयाची होती. त्यांनी त्यालाच नेले. ह्या दुसऱ्या मथियासचा धंदा, वय, घरदार ह्यांपैकी काहीएक इतिहासाने जपून ठेवलेले नाही. विचारले असता त्याने आपले नाव सांगितले, एवढीच त्याची सारी कथा. आणि तेवढ्यावर तो संतपदास पोहोचला.

यादीतील इतर माणसे कोण होती? स्वतः पेद्रो बाप्तिस्ता व गोन्सालो धरून फ्रान्सिस्कन सहा. येशूसंघाचे तिघे, ज्यांत पौल मिकी हे प्रसिद्ध उपदेशक होते. आणि बाकीचे सामान्य जपानी श्रद्धावंत. त्यांत कोणी सुतार, कोणी आचारी, कोणी वैद्य, कोणी तलवारी घडविणारा, कोणी धनुष्ये बनविणारा, कोणी रेशीम विणणारा. आपल्या गावगाड्याच्या भाषेत बोलावयाचे तर ही बारा बलुत्यांतली माणसे होती. तिघे तर निव्वळ पोरे होती: लुईस बारा वर्षांचा, अंतोनी तेरा वर्षांचा, आणि थोमास कोझाकी हा चौदा-पंधरा वर्षांचा, जो बापाबरोबरच धरला गेला.

ह्या मंडळीत बोनावेंतुरा नावाचा एक जण होता, त्याच्याविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण त्याची कथा आपल्या विषयाला फारच जवळची आहे. बाळपणी त्याचा स्नानसंस्कार झाला होता. परंतु आई लवकर वारली व सावत्र आईने त्याला बौद्ध मठात ठेवले. तो तेथे वाढला. आपण ख्रिस्ती आहो हे त्याला ठाऊकच नव्हते. पुढे मोठेपणी त्याला कळले की, बाळपणी आपल्या मस्तकावर पाणी घातले गेले होते. तेव्हा तो विचारपूस करीत क्योतो येथील फ्रान्सिस्कनांच्या दाराशी आला. नाव लपविणे वेगळे आणि नाव हरवणे वेगळे. त्याचे नाव हरवले होते. ते कोणीतरी त्याला सांगितले म्हणून सापडले.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो शहरी चोवीस कैद्यांना चव्हाट्यावर आणून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अधिकाऱ्याने तो सौम्य केला. मग त्यांना गाड्यांत बसवून शहरोशहरी मिरविण्यात आले, म्हणजे लोकांना दहशत बसावी. शिक्षेचा मजकूर एका फळीवर लिहून ती पुढे धरलेली असे. तेथून नागासाकीपर्यंतचा रस्ता भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालला. कैद्यांना रस्त्यात मदत करावी म्हणून दोघे ख्रिस्ती मागोमाग निघाले होते. त्यांनाही शेवटी शिपायांनी कैद्यांत ओढले, आणि संख्या सव्वीस झाली.

मिहारा येथील मुक्कामी बालक थोमासने आपल्या आईला पत्र लिहिले. आपण व बाबा नागासाकीस क्रुसावर जाणार, आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना जप, त्यांना परक्या हाती पडू देऊ नकोस, असा त्याचा आशय होता. ते पत्र पाठविता आले नाही. बापाच्या मृत्यूनंतर ते त्याच्या वस्त्रांत रक्ताने भिजलेले सापडले. आम्ही सेमिनरीत शिकत असता धर्मशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ चाळले, परंतु मरणाच्या वाटेवर चौदा वर्षांचा मुलगा धाकट्या भावंडांच्या संगोपनाचा विचार करतो, ह्याहून श्रद्धेची अधिक चांगली व्याख्या आमच्या पाहण्यात आलेली नाही.

५ फेब्रुवारी रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडलेले होते. हातापायांना व गळ्याला लोखंडी कड्या अडकवून कैद्यांना क्रुसावर बांधावयाचे आणि मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसावयाचे, अशी तेथील रीत होती. बारा वर्षांच्या लुईसने आपला क्रूस कोणता म्हणून विचारले. अंतोनीचे आईबाप नागासाकीचेच. ते रडत रडत त्याला परत फिरण्याविषयी विनवीत होते. पौल मिकी क्रुसावरून जमलेल्या लोकांना उपदेश करीत राहिले व आपल्याला मारणाऱ्यांना त्यांनी क्षमा केली. गोन्सालो त्या वेळी चाळिशीच्या घरात होते. वसईत जन्मलेल्या त्या पुरुषाचा देह जपानच्या टेकडीवर, पोर्तुगालपासून व वसईपासून सारखाच दूर, समुद्राकडे तोंड करून टांगलेला राहिला. पोप आठवे उर्बन ह्यांनी १६२७ साली त्यांना व त्यांच्या सोबत्यांना धन्य म्हणून, आणि नवव्या पायस ह्यांनी ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित केले. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. संत गोन्सालो हे त्याचे आश्रयदाते होत.

येथे वाचकांच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही, आणि ती आमच्याही मनात येते. ती ही की, हे सव्वीस जण वीर होते. पण ज्यांना ते धैर्य झाले नाही त्यांचे काय? ज्यांनी मान खाली घातली, जे घरी राहिले, ज्यांनी कागदावर सही केली?

त्याचे उत्तरही त्याच नागासाकीने दिलेले आहे. १६१४ साली तोकुगावा सरकारने सबंध देशात ख्रिस्ती धर्म बंद केला. १६४४ पर्यंत शेवटचा धर्मगुरूही मारला गेला. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिराकडून आपण तेथील आहो असा दाखला आणावा असा नियम झाला. नागासाकीच्या परिसरात वर्षातून एकदा लोकांना ओळीने उभे करीत, आणि ख्रिस्ताची वा पवित्र मारियेची प्रतिमा कोरलेला पाट जमिनीवर ठेवून त्यावर पाय द्यावयास लावीत. जो पाय देणार नाही तो पकडला जाई. कित्येकांनी प्राण दिले. पुष्कळांनी पाय दिला. आणि मग घरी येऊन, दारे लावून, ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. गावोगावी श्रद्धावंतांमधूनच एक जण स्नानसंस्कार देणारा असे, एक जण सणवारांची दिनदर्शिका सांभाळी. मुलांना प्रार्थना तोंडपाठ करवीत. ग्रंथ ठेवणे जिवावरचे होते. असे दोन शतकांहून अधिक काळ चालले. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, तरी सात-आठ पिढ्या टिकल्या.

पुढे जपानची दारे परदेशीयांना उघडली, आणि फ्रेंच मिशनरींनी नागासाकीत ओउरा येथे एक चर्च बांधले. ते अर्पण केलेले होते नुकत्याच संत झालेल्या त्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या वसईच्या गोन्सालो ह्यांनाही. १७ मार्च १८६५ रोजी फादर पेतीजाँ त्या चर्चमध्ये असता उराकामी गावचे काही शेतकरी स्त्रीपुरुष आत आले. त्यांतील एका स्त्रीने फादरांच्या जवळ येऊन हळूच सांगितले की, आमचे अंतःकरण व तुमचे अंतःकरण एकच आहे. आणि मग पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. अडीचशे वर्षे बंद राहिलेली ती ओठांची दारे ज्या छताखाली उघडली, ते छत एका वसईकराच्या व त्याच्या सोबत्यांच्या नावाने उभे होते. ह्याला योगायोग म्हणणाऱ्यांनी तसे म्हणावे.

त्यांचे कष्ट तेवढ्याने संपले नाहीत. बंदी अजून उठली नव्हती. नाव उघड होताच उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले, व सहाशेंहून अधिक तेथेच मरण पावले. १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या तेव्हा उरलेले परत आले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दर वर्षी त्या पाटावर पाय दिला होता, त्यांच्याच नातवंडांनी ही हद्दपारी सोसली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

दाखल्याचा हा प्रश्न ख्रिस्तसभेला त्याहूनही जुना आहे. २५० साली रोमन सम्राट देसियुस ह्याने सर्व प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. असे दाखले मिसर देशाच्या वाळूत आजही सापडलेले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. कित्येकांनी बळी न देता अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून नुसता कागद मिळविला. छळ ओसरल्यावर हे सर्व परत चर्चच्या दारात उभे राहिले. काही कठोर मंडळी म्हणाली, ह्यांना कधीच आत घेऊ नये. काही सैल मंडळी म्हणाली, झाले गेले विसरून जावे. कार्थेजचे महागुरुस्वामी संत सिप्रियन ह्यांनी दोन्ही मते नाकारली. कागद म्हणजे काहीच नव्हे असे त्यांनी म्हटले नाही. पण कागद घेणारा व बळी देणारा ह्यांना त्यांनी एका तागडीत तोललेही नाही, आणि प्रायश्चित्त करून परतण्याची वाट खुली ठेवली. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे की, २५० सालच्या छळात स्वतः सिप्रियन लपून बसले होते व त्याबद्दल त्यांना बोल लावण्यात आला होता. आठ वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, त्यांनी खड्गाखाली मान दिली.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे येतो. येथे कोणी क्रूस उभारीत नाही. आपल्यावर येणारी भीती लहान लहान तुकड्यांनी येते. गावात दफनभूमीला जागा मिळेल की नाही, सोयरीक मोडेल की काय, घरी प्रार्थनेला चार माणसे जमली तर बाहेर कोणी काय समजेल, मुलाला शाळेत चिडवतील की काय! आपल्या वाडवडिलांना दुष्काळातले ख्रिस्ती म्हणून हिणविण्यात आले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा. ह्या भयंकर वर्षांत मराठी मुलखातील पुष्कळ कुटुंबे मिशनच्या दाराशी आली, हे खरेच आहे. पण भाकरीकरिता आलेला मनुष्य भाकरी संपल्यावर गेला नाही, त्याची नातवंडे व पणतवंडे १९७२ च्या दुष्काळातही जपमाळ घेऊन बसली, ह्याचा जबाब हिणविणाऱ्यांनी दिला पाहिजे.

आणि मग कागद. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता ठरविला गेला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांना तो लागू झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. जणू स्नानसंस्काराचे पाणी पडताच शिवाशिव धुऊन निघते व गावाची वेस आपोआप सरकते! तसे होत नाही हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? ख्रिस्तसभेने ह्या अन्यायाविरुद्ध सतत आवाज उठविलेला आहे, आणि १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस म्हणून ती पाळीत आली आहे. आज ज्या बापाने मुलाच्या शिष्यवृत्तीकरिता रकान्यात एक शब्द लिहिला, त्याला यहूदा म्हणणारे लोक आम्हांस भेटतात. अशा लोकांचे स्वतःचे पोट बहुधा भरलेले असते. आम्ही त्या बापाला तसे म्हणणार नाही. त्याचप्रमाणे, त्यात काहीच गेले नाही, असेही आम्ही त्याला सांगणार नाही. सिप्रियन ह्यांनी ते सांगितले नाही. कायद्याचा भाग कायदेपंडितांनी पाहावा. आमची चिंता निराळी आहे. तो शब्द कागदावरून घरात येतो की काय, ही ती चिंता होय. प्रथम शाळेत नाव सांगत नाही, मग पाहुण्यांसमोर सांगत नाही, मग मुलालाच सांगत नाही. आणि एके दिवशी बोनावेंतुराप्रमाणे त्या मुलाला कोणी परका मनुष्य सांगतो की, अरे, तुझा स्नानसंस्कार झाला आहे. उराकामीच्या शेतकऱ्यांजवळ मंदिराचा दाखला होता, पण त्यांच्या घरात प्रत्येक लेकराला आपले नाव ठाऊक होते.

ह्या बाबतीत आपल्या लोकांनी काय केले आहे, तेही लिहून ठेवले पाहिजे. जिल्ह्यातील हजारो घरांप्रमाणे आपली कित्येक घरे दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोचा कोयता ऊसतोडीला निघतो, तो पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांवर उन्हाळ्यापर्यंत राहतो. म्हणजे नाताळ फडावर, राखेचा बुधवार फडावर, आणि पट्टा लांबला तर पवित्र आठवडाही फडावरच. पहाटे तीनला उठून थंडीत ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरावयाची, पाठीवर मूल. सभोवती टोळीतील बाकी सर्व दुसऱ्या धर्माची. तेथे धर्मगुरू नाही, घंटा नाही, रविवार कोणता हेही हातातल्या फोनवर पाहावे लागते. तरीही पाचटाच्या कोपीत नाताळच्या रात्री कागदाची चांदणी टांगणाऱ्या, शेजारच्या कोपीतील बायांना बोलावून गूळ वाटणाऱ्या, आणि हे काय म्हणून विचारले असता आमच्या प्रभूचा जन्मदिवस म्हणून सरळ सांगणाऱ्या माउल्या ह्या धर्मग्रामात आहेत. ह्यांपैकी एकीलाही आपण काही धैर्याचे केले असे वाटत नाही. बहुधा त्या दुसऱ्या मथियासलाही वाटले नसावे.

आमच्या मते आपल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचे हेच मुख्य प्रकरण होय, आणि ते इमारतीच्या आवारात घडलेले नाही.

संत पौल मिकी व त्यांचे सोबती ह्यांचा स्मरणदिन ख्रिस्तसभा दर वर्षी ६ फेब्रुवारीस पाळते. त्या दिवशी आपले निम्मे श्रद्धावंत गावी नसतात, व रिकाम्या बाकांसमोर संत गोन्सालोंचे नाव घ्यावे लागते. म्हणून महोत्सवी वर्षात ती मिस्सा फडावर करण्याचे आम्ही योजिले आहे. एका दिवसात सर्व ठिकाणी जाणे शक्य नसल्याने त्या आठवड्यात जितके मुक्काम साधतील तितके साधू. तरी ज्या टोळ्यांमध्ये आपली कुटुंबे जाणार असतील, त्यांनी निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, कारखान्याचे नाव, टोळीचा मुक्काम व मुकादमाचे नाव धर्मगुरूंच्या निवासात नोंदवावे. ज्या बालकांचा स्नानसंस्कार राहिला असेल त्यांचीही नोंद त्याच वेळी करावी. नोंदवही व मिस्सेचे साहित्य आम्ही बरोबर आणू.